दहा ते अकरा या वेळात

मालकांच्या मालकीच्या सहा खोल्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी कुणाला सकाळी दहाच्या आधी किंवा अकराच्या नंतर दाखवली नाही. भाडेकरू त्यांना पाठीमागे 'दहा-ते-अकरा' म्हणत. हे मालकांच्या कानावर आलेलं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. आपल्या वक्तशीरपणाची वाहवा चाललीय, असं त्यांना वाटे.

वक्तशीरपणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. इमारतीसमोर लोखंडाचं मोठं गोदाम होतं. दहाच्या सुमाराला ऊन त्याच्या छपरावरून वर येऊन खोल्यांत शिरायचं आणि तासाभरात वरच्या सज्जाआड जायचं. मग दिवसभर दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नसे. नळाचं पाणी अकराला बंद व्हायचं. अकरानंतरच गोदामापुढे मालाच्या गाड्या लागायच्या आणि सळ्या उतरवायला सुरुवात झाली की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. चोवीस तासांत तो एकच तास त्या इमारतीत राहण्यासारखा होता, आणि मालकांनी तो बरोबर हेरला होता.

नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात केली. दुकानदारांचे तराजू पालथे घालण्यात त्यांची सारी हयात गेली. तागडीखाली चिकटवलेलं मेण त्यांना चार पावलांवरून दिसायचं. एवढी वर्षं लबाड माणसांत वावरून त्यांनी लबाडी पकडण्याऐवजी शिकून घेतली, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि मालकांना ऐकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा डाळ निवडणं तिला जास्त फलदायी वाटे.

तिला सगळे भाडेकरू काकू म्हणत.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मालकांनी नियमांचा तक्ता लावला होता. एकूण एक्केचाळीस नियम, टंकलिखित, वर काच. पाहुण्यांच्या चपला एकावर एक ठेवू नयेत हा सव्विसावा. भिंतीला खिळा मारण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी हा एकोणिसावा, आणि मालकांचा सर्वांत लाडका. भाडेकरू खोली सोडायला निघाला की मालक बॅटरी आणि लाल पेन्सिल घेऊन आत शिरायचे, भिंतीवरचं एकेक भोक शोधायचे आणि त्याभोवती गोल काढायचे. प्रत्येक गोलाचे पैसे अनामतीतून कापले जात. सामान बांधून उभी असलेली माणसं त्यांच्याकडे आ वासून बघत राहत. एका बाईंनी एकदा विचारलं होतं, "आणि ही भिंत ओली आहे, तिच्याभोवती कोण गोल काढणार?" मालक म्हणाले, "तो निसर्ग आहे."

निसर्गावर त्यांच्याकडे एकच इलाज होता. खोली रिकामी झाली की रंगारी बोलवायचा आणि ओलीवर निळसर रंगाचा एक हात मारून घ्यायचा. एकच. दुसऱ्या हाताला मालकांच्या दृष्टीनं अर्थ नव्हता, कारण तोवर खोली दाखवून झालेली असे. ती निळाई भलतीच होती, धुवून धुवून विटलेल्या शाळेच्या गणवेशासारखी. तिला ओल्या खडूसारखा वास यायचा. काकूंना तो वास डोळे मिटून ओळखता येत असे.

संध्याकाळी साडेपाच ते सात मालक बागेतल्या बाकावर असत. तिथं चारपाच निवृत्त मंडळी जमत आणि मालक त्यांना घरभाड्याचं शास्त्र सांगत.

"भाडेकरू आत असताना दुरुस्ती करायची नाही," ते सांगत. "एकदा नळ नीट करून दिलात की त्याला वाटतं, आपण बोललो की काम होतं. मग मेलात."

"मग नळ गळत ठेवायचा?" कुणीतरी विचारी.

"गळू दे की. कंटाळून जाईल. नवीन येईल, तो जास्त भाडं देईल. आणि घर दाखवायचं दहा ते अकरा. त्या वेळात माणूस प्रसन्न असतो."

मंडळी माना डोलावत. त्यांच्यातले एक औषधवाले. दुकान मुलाकडे सोपवलं होतं आणि कालव्याकाठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक भाड्याचं घर बाळगून होते. ते खिशातून छोटी वही काढून ही वचनं उतरवून घेत. दोन वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मालक घरी येऊन म्हणत, "माणूस घडवावा लागतो. हा बघ, माझ्या हाताखाली तयार होतोय."

या शास्त्राचं फळ असं होतं की मालकांचा भाडेकरू सातआठ महिन्यांत पळायचा आणि खोलीला पुढे दोन महिने टाळं असायचं. वर्षातून सहापैकी दोन खोल्या तरी बंद. ते भाडं बुडालं असं मालकांना कधीच वाटलं नाही. जे हातात आलंच नाही ते बुडेल कसं, हा त्यांचा हिशेब. मात्र आठ भोकांचे पैसे कापले की ते दिवसभर शीळ घालत फिरायचे.

फक्त तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई सहा वर्षं टिकून होत्या. "नियमांचा परिणाम," मालक म्हणत. परिणाम नळवाल्याचा होता. मालक बाकावर जाऊन बसले की काकू त्याला मागच्या दारानं बोलावून घ्यायच्या. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, त्यांनी नळाचे वायसर लपवून ठेवले होते. नळवाला बिचारा मांजराच्या पावलांनी यायचा, काम करायचा आणि सातच्या आत पसार व्हायचा. पैसे काकू घरखर्चातून काढत. मास्तरीणबाई गप्प राहत आणि दर महिन्याच्या एक तारखेला न मागता भाडं आणून देत. नळ आणि भाडं यांत काही नातं असेल अशी शंका मालकांनी कधी दाखवली नाही. सगळ्या आयुष्यात त्यांना स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नव्हती.

काकूंचेही काही नियम होते. ते तक्त्यावर नव्हते, त्यांच्या डोक्यात होते. भाडेकरू यायच्या दिवशी त्याच्याबरोबर अख्खी खोली फिरायची, जे फुटकं असेल ते दोघांनी लिहायचं, दोघांनी सही करायची, जाताना तोच कागद काढायचा. महिन्यातून एकदा दारात उभं राहून विचारायचं, काही गळतंय का. आपल्याकडची किल्ली त्याला न सांगता वापरायची नाही. चांगला माणूस मिळाला तर भाडं वाढवायच्या हव्यासात त्याला घालवायचा नाही. हे सगळं करून बघायला मात्र त्यांच्याकडे स्वतःची एकही खोली नव्हती. सहाच्या सहा मालकांच्या होत्या आणि मालक त्या स्वतःच्या अकलेवर चालवत होते. एवढ्याशा अकलेवर सहा खोल्या म्हणजे जरा जास्तच भार होता.

मग काकूंच्या आईचं घर विकलं गेलं. भावानं बहिणीचा वाटा काही कुरकुर न करता तिच्या नावावर जमा केला आणि फोनवर म्हणाला, "ताई, हे तुझे आहेत. भावोजींना विचारायची गरज नाही."

काकूंनी त्या पैशांतून एक लहानसं घर घ्यायचं ठरवलं, स्वतःच्या नावावर. भाड्यानं द्यायचं. चष्मा बदलायचा झाला, मुलीला काही पाठवायचं झालं, तर कुणापुढे हात पसरायला नको. चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक चपलेच्या जोडाचं कारण सांगितलं होतं. उरलेली वर्षं तरी कारणं न सांगता जावीत, इतकीच इच्छा. पैसे एका घरापुरते होते. ते चुकलं असतं, तर पुन्हा दुसरं येणार नव्हतं.

मालकांना हे समजल्यावर त्यांनी ते काम तत्काळ आपल्या हातात घेतलं.

"तुला घरातलं काय कळतं? बायका स्वयंपाकघरातलं फडताळ बघतात आणि भाळतात. घर मी बघतो."

"बघा," काकू म्हणाल्या. "पण सही माझी आहे."

"सही काय, पोस्टमनसमोरही करतेस."

तिसऱ्याच दिवशी ते बाकावरून उजळल्या चेहऱ्यानं परत आले. औषधवाले आपलं कालव्याकाठचं घर विकत होते. "यापेक्षा चांगला विकणारा मिळणार नाही. माझ्याच तालमीतला माणूस. घर चोख ठेवलं असणार."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. ते विनोद करत नव्हते.

त्यांनी काकूंसमोरच औषधवाल्यांना फोन लावला. छाती काढून म्हणाले, "एक सांगून ठेवतो हं. मी घर दहा ते अकरा या वेळातच बघतो. तेवढी माझी पद्धत आहे."

 पलीकडून औषधवाल्यांचा आवाज आला, मधात बुडवून काढल्यासारखा. "या ना. तुमच्या सोयीनं."

दोघं दहाला पाच कमी असताना तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. घर खरोखर छान दिसत होतं. खिडकीतून ऊन थेट फरशीवर पडलेलं. नळ सोडला तर पाणी धो धो. बाहेर चिमणीच्या आवाजापलीकडे आवाज नाही. औषधवाले हात जोडून दारात उभे. तिथे राहणारी भाडेकरू कामावर गेली आहे असं त्यांनी सांगितलं आणि मालकांनी मान हलवली. भाडेकरू त्यांच्या लेखी फर्निचरात जमा होता, त्याच्याशी बोलायचं असतं हे त्यांना सुचण्याचं कारण नव्हतं. त्यांनी टेप काढून खोल्या मोजल्या. बॅटरी काढून भिंती तपासल्या. एकही भोक सापडलं नाही, तेव्हा त्यांनी औषधवाल्यांच्या पाठीवर थाप मारली.

"वा! एकही खिळा नाही!"

"तुमचाच आशीर्वाद."

काकू न्हाणीघराच्या दारात थांबल्या होत्या. आतून अत्तराचा दाट वास येत होता. न्हाणीघरात अत्तर कशाला, असं त्यांच्या मनात आलं.

खाली उतरताना त्या म्हणाल्या, "दुपारी एकदा येऊन बघूया का?"

"दुपारी काय बघायचंय? घर काय दुपारी बदलतं?"

हे वाक्य त्यांनी गेल्या दहा वर्षांत पन्नास भाडेकरूंना ऐकवलं होतं. त्या पन्नासही वेळा काकू दाराआड उभ्या असायच्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, निदान आपल्या नवऱ्याला तरी ठाऊक आहे की आपण खोटं बोलतोय. आज जिन्यात त्यांना कळलं की त्यालाही ठाऊक नाही. बोलून बोलून ते त्याला खरं वाटायला लागलंय. लबाड माणसाबद्दल एक प्रकारचा धाक तरी वाटतो. काकूंना पुढच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत त्यांच्याबद्दल काहीच वाटेनासं झालं.

घरी आल्या आल्या मालकांनी विसाराचा चेक लिहून काढला, वळणदार अक्षरात. सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली. "शुक्रवारी द्यायचाय. मी शब्द दिलाय."

गुरुवारी चष्म्याच्या दुकानात जाते सांगून काकू दुपारी दोन वाजता कालव्याकाठी गेल्या.

इमारतीच्या मागे लाकूड कापायचा कारखाना होता. सकाळी तो दिसलाही नव्हता, कारण त्याचं दार अकराला उघडायचं. आता करवत अशी किंचाळत होती की जिन्याचा कठडा हाताला थरथरताना लागत होता. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली, ऐकू गेली नाही. मग दार ठोठावलं. एका मुलीनं दार उघडलं. अंगावर चुरगळलेला गाऊन, कानात कापसाचे बोळे.

"कोण?" ती ओरडली.

"हे घर विकत घ्यायचं चाललंय, ती मी!" काकूही ओरडल्या.

मुलीनं कापूस काढला, त्यांच्याकडे बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. "या, काकू. तुम्ही दुपारी आलेल्या पहिल्याच."

ती इस्पितळात परिचारिका होती. तिची रात्रपाळी असायची, म्हणून ती दिवसा झोपायची, किंवा झोपण्याचा प्रयत्न करायची. ऊन कधीच निघून गेलं होतं आणि खोलीत दिवा होता. मोरीत पाण्यानं भरलेल्या चार बादल्या रांगेनं उभ्या होत्या.

"पाणी साडेदहापर्यंत," ती म्हणाली. "घर दाखवायचं असलं की आमचे औषधवाले मालक आदल्या दिवशी सांगतात, दहा ते अकरा बाहेर राहा. रात्रपाळी करून आलेली मी खाली पायरीवर बसते. काल पण बसले होते. तुम्ही माझ्यावरूनच गेलात."

काकूंना आठवलं. पायरीवर कुणीतरी बसलं होतं. मालक "जरा सरका" म्हणाले होते.

"नळ गळतो?"

"तीन महिने. मालक म्हणतात, नवीन भाडेकरू आला की करू. अहो, पण मीच आहे ना भाडेकरू!"

काकू न्हाणीघरात गेल्या. आज तिथे अत्तर नव्हतं. भिंतीला तीच विटकी निळाई होती, एक हात, आणि तोच ओल्या खडूचा वास. रंगारीसुद्धा औषधवाल्यांनी मालकांचाच नेला होता. काकूंनी तळवा टेकवला. काढला तेव्हा हात निळा झाला होता.

"साबण देऊ?" मुलगी म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. "राहू दे असाच."

संध्याकाळी मालक बाकावर जायला निघाले होते. काकूंनी त्यांच्यापुढे निळा हात धरला आणि सगळं सांगितलं. करवत, बादल्या, पायरीवर बसणारी मुलगी, भिंत. त्यांना वाटलं, आता हा माणूस लाजेल. निदान चिडेल तरी. शिष्यानं आपल्याला आपल्याच शास्त्रानं गंडवलं, एवढं तरी त्याला झोंबेल.

मालक ऐकता ऐकता थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"अत्तर! हे मला सुचलं नव्हतं." त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ म्हणजे! चेला पुढे गेला. अगं, मग अडचण कुठे आहे? आपणही दहा ते अकराच दाखवू."

 चौतीस वर्षं या माणसाच्या चहात साखर बरोबर पडावी म्हणून आपण चमचा मोजत आलो, एवढंच काकूंच्या मनात आलं.

"चेक कुठे आहे?" मालक म्हणाले. "सही करून ठेव. उद्याचा त्याला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, तुम्ही निभवा. पैसे माझे आहेत." काकूंनी कपाटातून चेक आणला आणि त्यावर, सहीच्या जागेवर, निळा तळवा उमटवला. "हा घ्या. हा नेऊन द्या त्यांना. रंग त्यांचाच आहे, ओळखतील."

"वेड लागलंय का तुला? बाकावर तोंड काय दाखवू मी?"

"दहा ते अकरा दाखवा," काकू म्हणाल्या. "तेव्हा बरं दिसतं."

मालक दोन दिवस बाकावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि बायकोला हृदयविकाराचा सौम्य झटका आल्यामुळे व्यवहार पुढे ढकलला आहे, असं त्यांनी सांगितलं. औषधवाल्यांनी वहीत ते कारणही लिहून घेतलं.

काकूंनी घर शोधायला चार महिने लावले. जे आवडलं ते शाळेच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. दिसायला काही खास नाही. ते त्यांनी सकाळी सहाला बघितलं, पाणी कधी येतं ते कळावं म्हणून. दुपारी दोनला, शाळा सुटताना, रविवारी आणि मुसळधार पावसातही बघितलं. त्या दिवशी छत्री बाजूला ठेवून त्यांनी सगळ्या भिंतींना एकेक करून हात लावला. तिथल्या भाडेकरू जोडप्याला बसवून तासभर विचारलं. पाऊस उत्तरेच्या भिंतीतून थोडा झिरपतो, असं त्या जोडप्यानं सांगितलं. काकूंनी तेवढे पैसे कमी करून घेतले आणि खरेदी झाल्यावर आधी ती भिंत बाहेरून नीट करून घेतली, मग आतून रंग. दोन हात, पांढरा.

पहिली भाडेकरू कालव्याकाठची परिचारिकाच होती. काकूंनी तिला सांगितलं, "दुपारी दोनला येऊन बघ, तुझी झोपायची वेळ तीच ना. मग पुन्हा सकाळी ये. मग ठरव." ती दोन्ही वेळा आली. दुसऱ्यांदा तिनं भिंतीला हात लावून बघितला, आणि काकूंना राग आला नाही. दोघींनी खोली फिरून कागदावर लिहिलं: स्वयंपाकघरात दोन फरशा तडकलेल्या, खिडकीची एक कडी सैल. सह्या केल्या. कडी दुसऱ्या दिवशी बसवून दिली.

"खिळे मारले तर चालतील?" मुलीनं विचारलं.

"घर आहे ना? मग कपडे कुठे टांगणार, हवेत?"

आता दीड वर्ष झालं. मालक ओळखीच्या माणसांना सांगतात की बायकोलाही भाड्याचं घर घेऊन दिलंय, माझ्या मार्गदर्शनाखाली उत्तम चाललंय. काकू ते खोडून काढत नाहीत. खोडण्यासाठी आधी त्या बोलण्याला काही वजन असावं लागतं.

मास्तरीणबाई गेल्या महिन्यात खोली सोडून गेल्या. काकूंनी घर घेतल्यापासून मागच्या दारानं येणारा नळवाला बंद झाला होता. काकूंनी ठरवून काही बंद केलं नव्हतं. फक्त घरखर्चातला पैसा घरखर्चात ठेवला, आणि वायसर शिवणाच्या डब्यातून शाळेमागच्या घरात नेले. मास्तरीणबाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडे दुसरी खोली झाली की मला कळवा हं." मालकांनी त्यांच्या भिंतीवर सात गोल काढले.

सहापैकी चार खोल्यांना आता टाळं आहे. परवा मालक जिन्यावरून खाली आले. बाही कोपरापर्यंत ओली होती. थोडा वेळ ते काकूंच्या आसपास घुटमळले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय गं, तो तुझा नळवाला कुठे राहतो?"

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं तर. काकूंनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. नळवाल्याचा पत्ता सांगितला आणि वर म्हणाल्या, "पैसे आधी घेतो हं तो. तुमच्याकडून."